राणीचं गिचमिड अक्षर

लंडनच्या लॅम्बेथ पॅलेस ग्रंथालयात टॅसिटस या रोमन इतिहासकाराच्या ग्रंथाचं एक इंग्रजी भाषांतर आहे. मजकूर लेखनिकाने सुबक उतरवलेला, पण मधल्या दुरुस्त्या अगदी गिचमिड. कागदातली जलचिन्हं (उजेडात धरल्यावर दिसणाऱ्या खुणा) आणि हे अक्षर ताडून पाहून जॉन-मार्क फायलो या अभ्यासकाने २०१९ मध्ये दाखवून दिलं, की त्या दुरुस्त्या पहिल्या एलिझाबेथ राणीच्या हातच्या आहेत.

हीच एलिझाबेथ दहा वर्षांची असताना, १५४४ मध्ये, सावत्र आईला इटालियन भाषेत पत्र लिहिते, ते मोत्यासारख्या इटालिक वळणात. हे वळण इटलीतल्या विद्वानांचं. रोममध्ये पोपच्या कचेरीतल्या अरिघीने लाकडी ठशांवर त्याचा कित्ता छापला. त्यावर साल आहे १५२२. इंग्लंडमधले कारकून तेव्हा 'सेक्रेटरी' नावाचं वेगळंच वळण लिहीत. त्यामुळे इटालिक लिहिणाऱ्या मुलीला घरी चांगला शिक्षक आहे, हे पत्र उघडताच कळे.

शाईला लागत मायफळं, हिराकस आणि डिंक. लेखणी हंसाच्या पिसाची. पिसाचं टोक चपटं छाटत. लेखणीचा कोन तोच ठेवून हात फिरवला की दाब न देताही एका दिशेची रेघ जाड उमटते, दुसरीची बारीक. सगळी कसोटी तो कोन न ढळू देण्यात. टोक झिजलं की पुन्हा चाकू घ्यायचा. असा हात बसायला वर्षं लागत.

मग राणीचं अक्षर बिघडलं कसं? माझ्या मते तिला ते जपण्याची गरजच उरली नव्हती. स्वच्छ प्रत काढणं हे पगारी माणसाचं काम. लुइस विवेस या स्पॅनिश विद्वानाने १५३८ च्या सुमारास, वाईट अक्षराला खानदानीपणा समजणाऱ्या सरदारांना चांगलंच फटकारलं होतं. शेक्सपिअरचा हॅम्लेटही सांगतो, की नीटस लिहिणं हलकेपणाचं मानून ती विद्या विसरायला त्याने बरीच खटपट केली. वाचणाऱ्याची सोय पाहावी लागते ती खालच्याला.

ही उतरंड कोऱ्या जागेतही दिसे. कागद महाग, तरी थोरामोठ्यांना लिहिताना मजकूर आणि सही यांत मोठी जागा सोडत. मान जितका मोठा, तितकी सही खाली. कवी जॉन डनने जॉर्ज मोर यांच्या मुलीशी चोरून लग्न केलं आणि १६०२ च्या फेब्रुवारीत सासऱ्यांना पत्राने ते कळवलं. त्या पत्रावर त्याची सही अगदी खालच्या उजव्या कोपऱ्यात, कागदाच्या कडेला दाबून बसवलेली आहे.