टेम्पल ग्रँडिन (चित्रपट)

अमेरिकन टीव्हीसाठी केलेला चरित्रपट, एचबीओवर फेब्रुवारी 2010 मधे आला. दिग्दर्शन मिक जॅक्सनचं, मुख्य भूमिका क्लेअर डेन्सची. टेम्पल ग्रँडिन (जन्म 1947, बोस्टन) या ऑटिस्टिक पशुशास्त्रज्ञ, चौथ्या वर्षापर्यंत बोलत नव्हत्या. सिनेमा त्यांच्याच आत्मकथनांवरून घेतलाय. 7 एमी (अमेरिकन टीव्हीचे पुरस्कार) मिळाले, त्यात डेन्सचाही आहे.

लसीकरणासाठी गुरांना दोन्ही बाजूंनी दाबून धरणारा खोडा ग्रँडिननी ॲरिझोनात मावशीच्या रँचवर पाहिला, दाबल्यावर काही गुरं शांत होतात हे लक्षात आलं आणि मग स्वतःसाठी तसंच लाकडी यंत्र बनवलं. साधारण 1960 च्या दशकाच्या मध्यातली गोष्ट. अशा दाबाने खरंच शांत वाटतं का यावर पुढे छोटे अभ्यास झाले, पण तेवढ्यावरून सगळ्यांना लागू होईल असं काही म्हणता येत नाही.

सिनेमात खरी बघण्यासारखी गोष्ट म्हणजे औषधाचा हौद. परजीवी मारायला गुरांना औषधी पाण्यातून पोहत नेतात, जुन्या पद्धतीत उतार मुद्दाम गुळगुळीत ठेवायचे म्हणजे जनावर घसरून आत पडावं, त्यामुळे ते बिथरायचं. ग्रँडिननी खाचा पाडलेला, पाय रोवता येईल असा उतार केला, जो पाण्याखाली अचानक संपतो आणि जनावर आपसूक पाण्यात उतरतं. कामगारांना हे पटलं नाही, त्यांनी उतारावर गुळगुळीत पत्रा टाकला आणि गुरं उलटी होऊन बुडाली. हे सिनेमासाठी रचलेलं नाही, ग्रँडिननी स्वतः लिहिलंय, काळ 1978 च्या आसपासचा.

वाद आहे तो "प्राणी ऑटिस्टिक माणसासारखा विचार करतात" या त्यांच्या 2005 च्या पुस्तकातल्या मांडणीवर. मेंदूशास्त्रज्ञ व्हॅलोर्टिगारा आणि सहकाऱ्यांनी 2008 मधे त्यावर आक्षेप घेतला, मुद्दा असा की प्राण्यांची खास कौशल्यं ही त्या त्या प्रजातीच्या गरजेतून आलेली असतात, त्यांची तुलना ऑटिझममधल्या असामान्य कौशल्यांशी करता येत नाही. आक्षेप जास्त वजनदार वाटतो. पण त्याने सिनेमाचं फारसं बिघडत नाही, कारण पडद्यावर मनकवडेपणा नाहीच, लटकणारी साखळी, सावली, निसरडी जमीन असल्या गोष्टींना गुरं बिचकतात हे दिसणं आहे, आणि ते गुराख्यांच्या नजरेतून सुटलेलं.

चित्रांतून विचार करणं सिनेमाने फार छान दाखवलंय, मात्र सगळे ऑटिस्टिक लोक असाच विचार करत नाहीत, हे ग्रँडिननीच नंतर दुरुस्त केलं. 1989 ची पीएचडी आणि कोलोरॅडोतली प्राध्यापकी सिनेमाच्या कथेत येत नाही.