घरी बडबड, शाळेत गप्प: हा हट्ट नव्हे

‘घरी पोपटासारखं बोलतं आणि शाळेत तोंड उघडत नाही, म्हणजे पोर हट्टी. वर्गासमोर उभं करा, बोलेल.’ सांगलीकडे पालकांच्या ग्रुपवर हा सल्ला वर्षानुवर्षे फिरतो. मुलाची घरातली बडबड ऐकली की तसं वाटणं साहजिक आहे, पण ते खरं नाही.

असं ठरावीक ठिकाणी बोलताच न येणं, याला सिलेक्टिव्ह म्युटिझम म्हणतात. २०१३ पासून मानसिक विकारांच्या अमेरिकी वर्गीकरणात तो चिंताविकारांत मोडतो. भीतीने शब्द घशातच अडकतात. पडताळा सोपा आहे. हट्टी मूल हवं ते मिळवण्यासाठी हट्ट करतं. हे मूल शू लागली तरी सांगू शकत नाही. शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात आईशी बोलतं का बघा. बाई दारात येताच वाक्य अर्ध्यात तुटलं, तर कारण समोरच आहे. उभं करून बोलायला लावलं तर भीती वाढतेच.

वर्गातल्या मुलांना मात्र हे पटकन समजतं. ‘तिला बोलता येत नाही’ असं कोणी म्हणालं, तर शांतपणे सांगा, ‘येतं रे, इथे तिला भीती वाटते. तू खेळायला घे.’ सागरगोटे खेळताना बोलावं लागत नाही. ‘लाल खडू की निळा?’ असं विचारून थांबायचं. बोट दाखवलं तरी ते उत्तरच. सुट्टीच्या दिवशी एकाच मित्राला घेऊन आमराईत जा. पहिला शब्द आला तर टाळ्या नकोत, खेळ चालू ठेवा.

शाळेचा पहिला महिना नवखेपणात जातो. त्यानंतरही महिनाभर तसंच राहिलं, तर बालमानसतज्ज्ञांना दाखवा.