अल्सरचा आळ मिरचीवर

पोटात अल्सर निघाला की घरात पहिली बंदी येते ती ठेच्यावर. पाठोपाठ ‘टेन्शन घेऊ नकोस’. १९८०पर्यंत डॉक्टरही हेच सांगत. जठरातल्या आम्लात जंतू तगतच नाहीत, हे तर सगळ्यांनी धरूनच चाललं होतं.

ऑस्ट्रेलियातल्या रॉयल पर्थ हॉस्पिटलमध्ये रॉबिन वॉरन यांना १९७९ साली जठराच्या तुकड्यांत वाकडे जंतू दिसले. दोन वर्षांनी बॅरी मार्शल हा तरुण डॉक्टर त्यांना येऊन मिळाला. प्रयोगशाळेत मात्र ते जंतू काही केल्या वाढेनात, कारण जंतू वाढवायच्या बशा दोन दिवसांनी टाकून देत. १९८२च्या ईस्टरच्या सुट्टीत बशा तशाच राहून गेल्या आणि जंतू उगवले. गडी मुळात सावकाश वाढणारा! लोकांना तरी पटेना, तेव्हा १९८४मध्ये मार्शल यांनी ते जंतू स्वतःच पिऊन टाकले. काही दिवसांत उलट्या सुरू, तोंडाला घाण वास. दुर्बीण घालून पाहिलं तर जठराला सूज. (अल्सर मात्र झाला नव्हता, किस्सा रंगवताना हे हमखास गळतं.) २००५मध्ये दोघांना नोबेल मिळालं.

हा वाकडा जंतू म्हणजे हेलिकोबॅक्टर पायलोरी. तो युरियापासून अमोनिया बनवतो आणि आपल्याभोवतीचं आम्ल मारतो. मग जठराच्या चिकट अस्तरात ठाण मांडतो. अस्तर कमजोर झालं की आम्ल आतल्या पेशींना खातं. जंतू असलेल्या बहुतेकांना काहीच त्रास होत नाही, ही गोष्ट वेगळी.

दुसरा गुन्हेगार आपल्या औषधांच्या डब्यातच असतो. गुडघ्यांसाठी रोज घेतलेली आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारखी गोळी प्रोस्टाग्लँडिन हे शरीरातलं रसायन रोखते. ते रोखल्यानेच दुखणं थांबतं, पण अस्तर राखणारंही तेच रसायन असतं.

लहान आतड्याच्या सुरुवातीला अल्सर असेल तर बहुधा रिकाम्या पोटी किंवा मध्यरात्री दुखतं आणि दोन बिस्किटं खाल्ली की थांबतं. वाकल्यावर छातीत जळजळ, घशाशी आंबट येणं हे दुखणं निराळं: तिथे अन्ननलिकेच्या तळाची झडप सैल पडलेली असते. घरात दोन्हींना ‘अ‍ॅसिडिटी’च म्हणतात आणि पँटोप्रॅझोल ही आम्ल कमी करणारी गोळी सुरू होते. तिने बरं वाटतं, पण जंतू तिथेच राहतो. त्याच्यासाठी दोन अँटिबायोटिक आणि अशीच आम्ल कमी करणारी गोळी, असा साधारण १४ दिवसांचा कोर्स लागतो.

जंतूसाठी श्वासाची किंवा शौचाची तपासणी करायची असेल तर आम्ल कमी करणारी गोळी डॉक्टरांना विचारून दोन आठवडे आधी थांबवावी लागते, नाहीतर जंतू असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. शौचाला डांबरासारखं काळं झालं तर मात्र रक्तस्रावाची शंका असते. तेव्हा त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.