खुलासा: ‘मूनलाइट’ ग्रॅहमनी एका सामन्यानंतर बेसबॉल सोडलं नव्हतं

न्यूयॉर्क जायंट्स या अमेरिकी बेसबॉल संघाचे राखीव आउटफिल्डर (मैदानाच्या दूरच्या भागातले क्षेत्ररक्षक) आर्चिबाल्ड ‘मूनलाइट’ ग्रॅहम एकच सामना खेळले, बॅटिंग मिळाली नाही म्हणून खचले आणि खेळ सोडून डॉक्टर झाले, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. १९८९च्या एका चित्रपटाने तर तो सामना १९२२मध्ये नेला.

सामना होता २९ जून १९०५चा, ब्रुकलिनच्या संघाविरुद्ध. ग्रॅहमना शेवटी थोडा वेळ राइट फिल्डमध्ये (मैदानाच्या उजव्या बाजूला) क्षेत्ररक्षणासाठी उतरवलं आणि त्यांची पाळी येण्याआधीच डाव संपला. एवढं खरं. पण मेजर लीग, म्हणजे सर्वोच्च दर्जाची स्पर्धा, सुटली तरी खेळ सुटला नाही; १९०८पर्यंत ते खालच्या दर्जाच्या मायनर लीगमध्ये, मुख्यतः स्क्रँटन या शहराच्या संघाकडून, खेळत राहिले. वैद्यकीय शिक्षणही निराशेतून आलेलं नव्हतं, ते आधीपासूनच चालू होतं. पुढे मिनेसोटातल्या चिशोममध्ये शाळकरी मुलांच्या रक्तदाबावर त्यांनी केलेला अभ्यास मला त्या सामन्यापेक्षा कितीतरी मोलाचा वाटतो.