गर्भाचे पहिले काही तास

एप्रिल २०२४ मध्ये हाँगकाँगच्या अन्नसुरक्षा यंत्रणेला काही भारतीय मसाल्यांत इथिलीन ऑक्साइड हा जंतुनाशक वायू सापडला आणि ते मसाले विक्रीतून काढावे लागले. बातम्यांत ‘कर्करोग’ हा शब्द गाजला, आणि तो चुकीचा नव्हता. मला मात्र या वायूचं नाव ऐकलं की उंदरांवरचा एक प्रयोग आठवतो.

गर्भावर होणाऱ्या विषबाधेबद्दल एक जुना ठोकताळा होता. फलनापासून गर्भ रुजेपर्यंत विषाचा परिणाम ‘सगळं किंवा काहीच नाही’ असा. एकतर भ्रूण मरतं, नाहीतर उरलेल्या पेशी नुकसान भरून काढतात. व्यंगं होतात ती पुढे, अवयव घडताना.

१९८७ मध्ये अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेत वाल्डेरिको जेनेरोसो आणि सहकाऱ्यांनी समागमानंतर काही तासांतच उंदरांच्या माद्यांना हा वायू दिला. बरेच गर्भ रुजले आणि नंतर, मध्यावर किंवा अखेरीस मेले. जगलेल्यांतही व्यंगं निघाली. तोच वायू डीएनएची नक्कल सुरू झाल्यावर दिला, तर परिणाम पुष्कळ ओसरला. आईला बाधा झाली म्हणून असं घडलं का? तेही तपासलं. वायू लागलेली फलित बीजं निरोगी माद्यांत सोडली, तरी गर्भ बिघडलेच.

आता खरी गंमत. या रेणूत तीन अणूंचं ताणलेलं कडं असतं. ते फुटतं आणि डीएनएतल्या ग्वानिन या अक्षराला चिकटतं. म्हणजे जनुकांत उत्परिवर्तन, अक्षरांतच बदल, असं वाटेल. पण या भ्रूणांची गुणसूत्रं तपासली तर मोडतोड दिसेना, आणि नेहमीच्या उत्परिवर्तनांनीही हिशेब लागेना. फलनानंतरच्या त्याच तासांत शुक्राणूच्या डीएनएवरचं प्रोटामिन या प्रथिनाचं घट्ट वेष्टण उतरतं, बीजांडातली हिस्टोन प्रथिनं चढतात, वडिलांकडून आलेल्या मेथिल खुणा, म्हणजे डीएनएला चिकटलेले छोटे रासायनिक गट, पुसल्या जाऊ लागतात. कोणतं जनुक कधी बोलेल, ते या खुणांवर ठरतं. संशय आहे तो याच मांडणीवर: अक्षरं शाबूत, विरामचिन्हं विस्कटलेली.

ग्रहणात गर्भवतीने विळी धरली तर बाळाचा ओठ फाटतो म्हणणाऱ्यांनी अशी एकतरी यंत्रणा दाखवावी. आणि मसाल्याचा डबा फेकायला निघालेल्यांनी मात्रा पाहावी. उंदरांना दीड तास मिळालेल्या हवेत दहा लाखांत सुमारे १,२०० भाग हा वायू होता. मसाल्यात उरणारा अंश अगदी वेगळा. वायू ११ अंश सेल्सिअसलाच उकळतो, त्यामुळे मागे राहतं ते बहुधा त्यापासून बनलेलं क्लोरोइथेनॉल. अमेरिका मसाल्यात किलोमागे ७ मिलिग्रॅम इथिलीन ऑक्साइड चालवून घेते, युरोप ०.१.