स्फोटाला वाट करून देणारा तळ

लष्करी ताफ्यावरचा सर्वांत घातक हल्ला अनेकदा दिसतच नाही, कारण तो भूसुरुंगाच्या रूपात चाकाखाली पुरून ठेवलेला असतो. पुरलेला असल्यामुळेच तो जास्त जोराचा होतो. भोवतालची घट्ट माती स्फोटाला बाजूला पसरू देत नाही. मग तापलेला वायू आणि उखडलेली माती बंदुकीच्या नळीतून सुटावी तशी सरळ वर उसळते. माती ओली असेल तर तडाखा आणखी मोठा बसतो.

यावर सहज सुचणारा उपाय म्हणजे गाडीच्या तळाचं पोलाद जाड करणं. तो पुरेसा नाही, कारण तळ फुटला नाही तरी आतला माणूस मरू शकतो. वर येणारा झोत सपाट तळावर अडतो आणि आपला संवेग, म्हणजे वेगाने येणाऱ्या वस्तुमानाचा रेटा, गाडीला देऊन टाकतो. नळाची जोरदार धार तळहातावर घ्या आणि मग तळहात तिरका करा. हाताला बसणारा रेटा लगेच कमी होतो. गाडीचा तळ होडीसारखा, 'व्ही' आकाराचा केला की झोत उतारावरून दोन्ही बाजूंना निसटतो. त्यातच तळ जमिनीपासून उंच ठेवला, तर झोत पोहोचेपर्यंत बराच विरलेला असतो.

ही युक्ती 1970च्या दशकात ऱ्होडेशिया (आजचा झिंबाब्वे) आणि दक्षिण आफ्रिकेत भूसुरुंगांच्या रस्त्यांवर घडत गेली. तिथे टायरमध्ये पाणीसुद्धा भरत, म्हणजे स्फोटाची काही ऊर्जा ते पाणी उडवण्यातच खर्ची पडे. तरीही अमेरिकी सैन्य इराकमध्ये उतरलं ते सपाट, बुटक्या तळाच्या हमवी गाड्या घेऊन. 'व्ही' तळाच्या एमरॅप गाड्यांना तिथे सर्वोच्च प्राधान्य मिळालं ते 2007 मध्ये. ज्ञान हाताशी असताना लागलेला हा उशीर मला फार खुपतो, कारण त्याची किंमत माणसांनी मोजली.

उंच, जड गाडी वळणावर किंवा खचलेल्या कडेवर उलटते, हा या रचनेचा खरा तोटा. म्हणून अफगाणिस्तानच्या डोंगरी वाटांसाठी 2009 मध्ये एम-एटीव्ही ही हलकी गाडी आणावी लागली.

रेडिओने उडवायचं स्फोटक जॅमर, म्हणजे रेडिओ संदेश अडवणारं यंत्र, रोखू शकतं. नुसत्या वजनाने फुटणाऱ्या सुरुंगापुढे त्याचा उपयोग नाही. दोन गाड्यांत अंतर ठेवलं की एका स्फोटात दोन सापडत नाहीत, पण ते फार वाढलं तर मागच्या गाडीची मदत उशिरा पोहोचते.

मला सर्वांत मोलाची वाटते ती आतली बैठक. स्फोटात गाडीची जमीन सेकंदाच्या काही हजाराव्या भागात वर उसळते. त्यावर पाय टेकलेले असतील तर घोटा आणि नडगी मोडते, आसन जमिनीला जखडलेलं असेल तर मणका दबतो. म्हणून आसनं छताला किंवा भिंतीला लटकवतात, त्यांत धक्का बसताच ठरावीक जोराने दबत जाणारे भाग असतात आणि पावलांसाठी जमिनीला न चिकटलेला आधार असतो. नाटोच्या चाचणीत आत पुतळा बसवून गाडीखाली खरा स्फोट घडवतात. सर्वांत कडक पातळीला 10 किलो स्फोटकाचा. पुतळ्याच्या नडगीवरचा दाब 5.4 किलोन्यूटन, म्हणजे सुमारे 550 किलो वजनाइतका, ओलांडून गेला तर गाडी नापास.

पट्टा न बांधलेला सैनिक मात्र या सगळ्या रचनेबाहेर राहतो. तो उसळून छतावर आदळतो. मोकळी ठेवलेली दारूगोळ्याची पेटीही तशीच उडते आणि शेजारच्याला लागते. म्हणून ताफा निघण्याआधी पट्ट्यांबरोबर आतली प्रत्येक वस्तू बांधली आहे की नाही, हेही तपासावं लागतं.