पाझर चाचणी आणि मातीची पाहणी: दोन खड्डे, दोन प्रश्न

सेप्टिक टाकीतून बाहेर पडणारं सांडपाणी शेवटी जमिनीतच मुरवायचं असतं, म्हणून टाकी बांधण्याआधी जागा तपासतात. या तपासणीत दोन वेगवेगळे खड्डे लागतात, पण अनेकजण पहिल्यावरच, म्हणजे पाझर चाचणीवरच थांबतात. ‘टेस्ट झाली, पाणी मुरतंय, जागा चांगली आहे.’ पाणी किती वेगानं मुरतंय एवढंच त्या चाचणीतून कळतं. मुरलेलं पाणी विहिरीला लागेपर्यंत स्वच्छ होईल का, हे दुसरा खड्डा सांगतो.

पाझर चाचणीचा खड्डा लहान असतो: 10 ते 30 सेंटिमीटर रुंद आणि सांडपाणी मुरवण्यासाठी जो चर खणायचा आहे त्याच्या तळाइतका खोल. बाजू खरवडायच्या, तळाशी थोडी बारीक खडी टाकायची आणि पाणी भरून माती निदान 4 तास, शक्यतो रात्रभर भिजू द्यायची. मग पाणी 2.5 सेंटिमीटर उतरायला किती मिनिटं लागतात ते मोजायचं. 60 मिनिटांहून जास्त लागली तर साध्या शोषखड्ड्याचा विचार सोडावा. घाईत भिजवण्याचीच पायरी गाळली जाते आणि निकाल तिथेच चुकतो. काळ्या भेगाळ मातीत कोरड्या दिवसांत ओतलेलं पाणी भेगांमधून बघता बघता नाहीसं होतं. माती फुगून भेगा मिटल्या की तेच पाणी तासन्‌तास हलत नाही. शिवाय चाचणी स्वच्छ पाण्यानं होते. सांडपाणी सुरू झालं की चराच्या तळाशी जिवाणूंचा काळा, बुळबुळीत थर धरतो आणि मुरण्याचा वेग बराच घटतो.

मिनिटभरात पाणी उतरलं की घरमालक खूश होतो. मला मात्र अशाच जागेची काळजी जास्त वाटते. जाडी वाळू, मुरूम किंवा भेगा पडलेला खडक पाणी झटकन खाली सोडतो आणि त्याबरोबर रोगजंतूही जातात.

दुसरा खड्डा पुरुषभर खोल असतो. बाजू ढासळू नयेत म्हणून उतार किंवा आधार दिल्याशिवाय त्यात उतरू नये. इथे भिंतीवरचे थर वाचायचे असतात. प्रत्येक थरातली चिमूटभर माती ओली करून अंगठा आणि बोटामध्ये दाबत पुढे सरकवायची. 5 सेंटिमीटरपेक्षा लांब पट्टी निघाली तर चिकणमाती भरपूर आहे. पट्टीच धरत नसेल तर वाळू. पोयटा मधला, आणि या कामाला तोच उत्तम.

त्याहून मोलाची खूण रंगाची. एकसारखी तांबूस किंवा तपकिरी माती म्हणजे तिथे हवा खेळते. राखाडी मातीत गंजासारखे नारिंगी ठिपके दिसले तर बहुधा तो थर वर्षातले काही आठवडे पाण्यात बुडतो: हवा संपली की मातीतलं लोह विरघळून राखाडीपणा उरतो, हवा परतली की ते ठिपक्यांच्या रूपानं पुन्हा साचतं. विहिरीचं पाणी आज 6 मीटर खाली असेल, पण ठिपके 90 सेंटिमीटरवर असतील, तर हिशेब 90 सेंटिमीटरचाच धरावा. चराचा तळ आणि ही वरची पातळी यांच्यात साधारण 60 ते 120 सेंटिमीटर कोरडी माती हवी. ठिकठिकाणचे नियम थोडे वेगळे असतात. अशा कोरड्या मातीत पाणी कणांना चिकटून हळूहळू सरकतं, तेवढ्यात जंतू अडकतात आणि मरतात. भरून वाहणाऱ्या मातीत त्यांना ही अडवणूक होत नाही.

सांडपाण्यातून येणारं, पाण्यात विरघळलेलं नायट्रेट मात्र उत्तम मातीही फारसं रोखत नाही. त्यामुळे विहिरीपासूनचं अंतर आणि एकाच परिसरात किती टाक्या आहेत, हे वेगळं पाहावंच लागतं.

क्रमही महत्त्वाचा. आधी मोठा खड्डा, मग त्यात योग्य ठरलेल्या थरावर पाझर चाचणी. दोन्हींचे निकाल जुळले नाहीत तर मी मोठ्या खड्ड्याचं ऐकेन. ठिपके कधी कधी फार जुन्या काळातले असू शकतात. शंका असेल तर जवळच छिद्रं पाडलेला पाइप पुरून पावसाळाभर त्यातली पाण्याची पातळी मोजावी आणि बांधकाम तोवर थांबवावं.